डॅडींच्या बंदुकीचं माप

ब्रशी फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
ऑक्टोबरचा तिसरा रविवार, चर्चहून आल्यावर

ती. ऑर्लीनताईस,

धाकट्या होबर्टचा आणि ड्रेमाचा नमस्कार. इकडे आम्ही दोघं, अकरा कोंबड्या आणि एक म्हातारा कुत्रा, सगळे ज्याच्या त्याच्या वयाच्या मानाने बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? आणि डावा कान? ड्रेमा विचारते, तू फोन अजून त्याच कानाला लावतेस का, कारण मागच्या वेळी तिने सांगितलेलं निम्मं तुला कळलंच नाही. (मी तिला म्हटलं, तू सांगितलेलं निम्मं मलाही कळत नाही, आणि माझे दोन्ही कान शाबूत आहेत. त्यावर ती दोन तास बोलली नाही, म्हणून हे पत्र आज पूर्ण होईल असं वाटतंय.) अ‍ॅक्रनला थंडी सुरू झाली असेल. गुडघ्याला लोकरीचं काहीतरी बांधत जा.

तुझं पत्र ऑगस्टमध्ये आलं आणि मी उत्तर आत्ता लिहितोय, म्हणजे तू रागावली असणार, आणि तो तुझा हक्क आहे. पण विचार कर, मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि बर्फाचे दिवस सोडले तर सात मिनिटांपेक्षा जास्त उशीर कधी केला नाही. अशा माणसाला दोन महिने उशीर होतो म्हणजे मध्ये काहीतरी आडवं आलं असणार. ते काय, ते सविस्तर लिहितो. कॉफी करून घे आणि मगच वाच.

तू लिहिलंस की तुझी नात रेलिन पंधरा वर्षांची झाली, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला जायचं म्हणते, आणि तिला दुकानातली नवी बंदूक नको, पणजोबांचीच हवी. पत्र वाचून मला इतकं बरं वाटलं की मी त्याच दुपारी डॅडींची पंपाची, छऱ्याची बंदूक मागच्या दारावरच्या खुंट्यांवरून खाली काढली. ती तशीच आहे. दस्त्यावर डॅडींची अक्षरं, कुत्र्याने चावलेला कोपरा, आणि पुढे ती आखूड नळी. (नळी आखूड का झाली त्या बर्फाच्या गोष्टीत मी शिरत नाही. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर ती पुरेशी सांगून झाली आहे.) मी ती बंदूक वर्षातून दोनदा साफ करतो. साफ करून झालं की नळीतून उजेडाकडे तीन-तीन वेळा बघतो आणि ज्याने चिंधी आत घालतो त्या गजाचं टोकही बघतो. ड्रेमा म्हणते, "तिकडून कोणी येणार आहे का?" तर अशी ती जपलेली बंदूक दुसऱ्या दिवशी बांधून ठेवायची असं ठरवलं आणि सकाळी न्याहारीला गेलो. तिथेच घोटाळा झाला.

न्याहारी म्हणजे पेट्रोल पंपाच्या आतल्या कोपऱ्यातलं टेबल. मऊ पावासारखी बिस्किटं आणि त्यावर पांढरी ग्रेव्ही. तिथे आम्ही चार-पाच निवृत्त माणसं बसतो आणि डॉर्सी बोलतो. डॉर्सी तुला आठवत असेलच: आपल्या बसमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागच्या सीटवर बसून ड्रायव्हरला रस्ता सांगायचा, तोच. (माणूस बसमध्ये कुठे बसायचा ते आठवलं की पुढचं सगळं आपोआप कळतं, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे.) आता तो बंदुकांचे कायदे सांगतो. त्याने रायफलला लावायला एक सायलेन्सर मागवलाय. त्यासाठी दहा बोटांचे ठसे दिले आणि पासपोर्टसारखा फोटो काढला. फोटोसाठी टाय घातला, जो त्याने स्वतःच्या लग्नातही घातला नव्हता. मग अर्ज गेला वॉशिंग्टनकडे आणि हा बसला वाट बघत. मंजुरी येईपर्यंत वस्तू दुकानातून हलवता येत नाही, म्हणून डॉर्सी दर शुक्रवारी तिला भेटायला जातो. दुकानदार ती त्याच्या हातात देतो, हा पाच मिनिटं धरून बसतो आणि परत देतो. त्याची बायको म्हणते, लग्नाआधी तो तिला भेटायलाही इतक्या नियमाने आला नव्हता.

त्याच्याकडे आणखी एक प्रकार आहे. एक आखूड बंदूक, मागच्या बाजूला हाताला बांधायचा पट्टा. पट्टा हाताला बांधून बार काढला तर ते पिस्तूल. तीच वस्तू, तोच डॉर्सी, पण पट्टा खांद्याला टेकला तर म्हणे ती रायफल होते, आणि इतक्या आखूड रायफलला वेगळे कागद लागतात. हा नियम एका वर्षी असा होता, दुसऱ्या वर्षी तसा, मग कुठल्याशा कोर्टाने तो उडवला. आता नक्की काय आहे हे विचारलं तर डॉर्सी आवाज खाली आणतो, म्हणजे त्यालाही माहीत नाही. पण धोका नको म्हणून पाठ खाजवायची झाली तरी तो आधी बंदूक खाली ठेवतो.

तर त्या सकाळी त्याने सांगितलं की रायफलची नळी सोळा इंचांच्या आत नसावी आणि छऱ्याच्या बंदुकीची अठराच्या आत नसावी. अर्धा इंच कमी भरली आणि सरकारदरबारी नोंद नसली तर दहा वर्षं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, जुनी, घरातली, वडिलांची असली तर? डॉर्सी म्हणाला, "वडिलांची असली तर वडिलांना दहा. वडील नसतील तर ज्याच्या खुंटीवर आहे त्याला." मी अर्धं बिस्किट ताटात टाकून उठलो. ताई, मला जन्मात साधा वाहतुकीचा दंड झालेला नाही.

घरी येऊन ड्रेमाची शिवणाची टेप घेतली आणि बंदुकीचं पुढचं टोक धरून नळी जिथे काडतूस भरायच्या लोखंडी पेटीत शिरते तिथपर्यंत मापलं. सव्वासतरा. पुन्हा मापलं, सव्वासतरा. मी म्हटलं, ही टेप ताणली गेलेली आहे. ड्रेमा म्हणाली, "माझी टेप खोटं बोलत नाही. तुझ्या विजारीची कंबर याच टेपने मापते, आणि तेव्हाही तू असाच भांडतोस." मग कोठारातली पोलादी टेप आणली. तिनेही सव्वासतराच सांगितले. म्हणजे डॅडींनी बावन्न वर्षांपूर्वी करवतीने पाऊण इंच जास्त कापला होता, आणि इतकी वर्षं मी मागच्या दारावर दहा वर्षांची शिक्षा टांगून तिच्याखालून दूध आणायला जात होतो.

आता याबाबत कोणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारणं म्हणजेच कबूल करणं. डॉर्सीला विचारलं असतं तर दुपारपर्यंत अख्ख्या खोऱ्याला कळलं असतं. तुला लिहावं तर पत्र हा पुरावा होतो. (हे त्या वेळचं माझं डोकं. आता तू हे पत्र खुशाल फ्रिजवर लाव. शेवटचा भाग वाचल्यावर वाटलं तर.) म्हणून मी बंदूक लपवायचं ठरवलं. आधी मोठ्या फ्रीजरमध्ये, हरणाच्या मांसाच्या पुड्यांखाली ठेवली. तिसऱ्याच दिवशी डॉर्सी आला आणि म्हणाला, पाहुणे आलेत, दोन पुडे उसने दे, आणि स्वतःच झाकण उघडून उपसायला लागला. मी त्याला वरचे सहा पुडे देऊन टाकले. माणूस इतका ओशाळला की त्याने त्याच संध्याकाळी भोपळ्याची गोड पाई आणून दिली.

मग ती ड्रेमाच्या रजईच्या चौकटीखाली, जुन्या कापडांत गुंडाळून ठेवली. दर गुरुवारी चर्चच्या बायका तिथे रजई शिवायला बसतात हे माझ्या लक्षात होतं, पण त्या पाय लांब करतात हे नव्हतं. ड्रेमाने मला स्वयंपाकघरात बोलावून शांतपणे सांगितलं, "हे बघ, तुझा तुरुंग तू तुझ्या जागेत ठेव. माझ्या रजईत नको." माझी जागा म्हणजे अंगणातली बस. (तुला सांगितलं होतं ना, माझी जुनी सव्वीस नंबरची बस लिलावात मीच घेतली. चालत नाही. कोंबड्या राहतात.) मी बंदूक शेवटच्या बाकाखाली ठेवली. तिथे नेहमी खोड्या करणारी मुलं बसायची. दुसऱ्या दिवसापासून कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलं. ड्रेमाचं म्हणणं, मी दिवसातून आठ वेळा जाऊन बाकाखाली वाकतो, त्यामुळे त्यांची झोप मोडते.

सप्टेंबरच्या शेवटी खोऱ्यात एक पांढरा ट्रक आला. त्यातून हातात फळी आणि कागद घेतलेला एक माणूस उतरला. स्वच्छ बूट, सरकारी टोपी. मी ओळखलं की वेळ झाली. पळून काय उपयोग, म्हणून मी त्याला पोर्चवर बसवलं, कॉफी दिली, ड्रेमाने केलेल्या पाईचा तुकडा दिला, आणि त्याने काही विचारायच्या आत सांगितलं, "त्या बसमध्ये काही नाही." तो म्हणाला, "हो का?" मग मला वाटलं, काहीतरी कबूल केलं तर बाकीचं सुटेल. मी त्याला सांगितलं की एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली परवान्याशिवाय तीन ट्राउट मासे धरले होते, आणि एकदा बसच्या डिझेलमधून स्वतःच्या ट्रॅक्टरला दोन गॅलन घातलं होतं, जे मी सोमवारी परत भरलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पाई संपवली आणि म्हणाला, "काका, मी वटवाघळं मोजायला आलोय. जुन्या बसमध्ये कधीकधी असतात." भला माणूस. दुसऱ्या रांगेत खिडकीशी बसला असता. पण त्याने बसमध्ये जायला पाऊल उचललं तेव्हा मी इतका जोरात "नको" म्हणालो की ड्रेमा आतून पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. शेवटी त्याने बाहेरूनच शून्य असं लिहिलं.

त्या दिवसानंतर मी ठरवलं की हे असं चालायचं नाही. बंदूक तळ्यात टाकतो म्हटलं तर ड्रेमा म्हणाली, "टाक, आणि मग ऑर्लीनला काय सांगणार आहेस? तिने आयुष्यात तुझ्याकडे एक गोष्ट मागितली." हे तिने मुद्दाम असं म्हटलं की काय मला माहीत नाही, पण ते मला लागलं. तरी दुसऱ्या सकाळी मी कोठारात गेलो. बंदूक लोखंड घट्ट धरायच्या शेगड्यात अडकवली आणि डॅडींचीच लोखंडाची करवत घेतली. बंदुकीचे तीन तुकडे केले की बंदूकच उरत नाही, आणि नसलेल्या बंदुकीची लांबी कोणी मापत नाही, असा हिशोब होता. पातं नळीवर ठेवलं. एकदा पुढे रेटलं. तो आवाज ऐकला आणि मी थांबलो. ताई, त्याच कोठारात, त्याच शेगड्यावर, त्याच करवतीचा तो आवाज मी दाराआडून ऐकला होता, तेव्हा अकरा वर्षांचा होतो, आणि तू वर तुझ्या खोलीत कानाला फडकं धरून बसली होतीस. मी करवत जागेवर टांगली आणि वकिलाकडे गेलो.

वकील म्हणजे थर्मन लिली. वय ऐंशी, ऑफिस फुलांच्या दुकानाच्या वर, त्यामुळे गरीब अशिलांनाही तिथून बाहेर पडताना लग्नाला जाऊन आल्यासारखं वाटतं. मी त्याला सांगितलं, माझ्या एका मित्राकडे त्याच्या वडिलांची एक बंदूक आहे. थर्मन म्हणाला, "तुझा हा मित्र ब्रशी फोर्कला राहतो का?" मी म्हटलं, राहतो. "त्याच्या बायकोचं नाव ड्रेमा? सफरचंदाचं बटर करते ती?" मी म्हटलं, करते. "मग मित्राला सांग, शनिवारी कढई लावणार आहेस ना, मी येतो. तोवर करवतीला हात लावू नकोस." करवतीचं मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. तुरुंगाच्या भीतीने सगळी माणसं एकच काहीतरी करतात, असं तो नंतर म्हणाला.

शनिवारी सफरचंदं जॅमसारखी आटवायची तांब्याची मोठी कढई अंगणात लागली. सकाळी सहापासून ढवळणं सुरू. तुला माहीतच आहे, दालचिनी पडेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. थर्मन खुर्ची घेऊन धुराच्या उलट्या बाजूला बसला, चार बिस्किटं खाल्ली आणि मग म्हणाला, आण. मी बसमधून बंदूक आणली. त्याने आधी दोनदा उघडून आत काडतूस नाही ना हे बघितलं आणि विचारलं, "कशी मापलीस?" मी दाखवलं, इथून इथपर्यंत. "बाहेरून?" मी म्हटलं, मग आणखी कुठून मापणार? त्याने बंदूक मांडीवर आडवी ठेवून चष्मा पुसला. वकील लोकांना गप्प बसायचेही पैसे मिळतात, पण हे तो फुकट करत होता. मग म्हणाला, "होबर्ट, नळी बाहेर दिसते तेवढीच नसते. ती पेटीच्या आतही जाते. कायदा आतून मापतो. खटका बंद कर, पुढून गज घाल, टेकेपर्यंत जाऊ दे."

मी डॅडींचा हिकरीचा गज आणला. घातला. टेकला. नळीच्या तोंडाशी अंगठ्याने गज पकडला आणि बाहेर काढला. (काढल्यावर आधी सवयीने टोकाकडे बघितलं. ड्रेमा कढईपाशी हसली.) मग अंगठा बघितला. अंगठ्याच्या किंचित खाली गजावर चाकूने केलेली एक खाच होती. ती खाच मी जन्मभर बघत आलोय, मला वाटायचं कुठेतरी घासला असेल. ड्रेमाने टेप लावली. टोकापासून खाचेपर्यंत बरोबर अठरा. माझ्या अंगठ्यापर्यंत अठरा आणि वर इंचाचा आठवा भाग. थर्मनने त्या खाचेवरून नख फिरवलं. "तुझ्या बापाला कायदा माहीत होता," तो म्हणाला. "आधी मापून खूण केली आणि खुणेबाहेर कापलं. तू दोन महिने एका निर्दोष बंदुकीला लपवत होतास." डॉर्सी शेजारी ढवळत होता. (हो, तोही होता. कढई लागली आणि डॉर्सी आला नाही असं होत नाही.) तो म्हणाला, "मी आतूनच मापायचं म्हटलं होतं." त्याने तसं काहीही म्हटलं नव्हतं. मी त्याला आणखी दोन पुडे मांस दिलं, कारण त्या दिवशी माझा कोणावर राग नव्हता.

तर सारांश असा की बंदूक कायदेशीर आहे, मी कायदेशीर आहे, आणि कोंबड्यांनी सोमवारपासून अंडी द्यायला सुरुवात केली आहे. थर्मन म्हणतो, बंदूक कायमची ओहायोत द्यायची तर परवानेवाल्या दुकानातून कागद करावे लागतील, पण शिकारीपुरती नात्यातल्या माणसाला वापरायला द्यायला हरकत नाही. म्हणून मला वाटतं, रेलिनने इकडेच यावं. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातला सोमवार, पहिला दिवस. तिच्यासाठी खोली तयार आहे. तिचे आई-वडील, तू, सगळ्यांना आमचा नमस्कार आणि रेलिनला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
होबर्ट

ता. क. हे पत्र डॉर्सीची सून आणतेय, ती अ‍ॅक्रनला माहेरी चालली आहे. सोबत सफरचंदाच्या बटरच्या दोन बरण्या आहेत. ड्रेमाने बजावलंय की बरण्या परत हव्यात. ती तीन वर्षांपूर्वीच्या बरण्यांचीही आठवण काढत होती.

ता. क. २. नळीवर पुढच्या बाजूला करवतीचा एक बारीक ओरखडा दिसेल. तो माझा. रेलिनने विचारलं तर खरं सांग.

ता. क. ३. आता जे लिहायचं होतं ते लिहितो. हे पत्र त्यासाठीच आहे, बाकीचं मी धीर गोळा करायला लिहिलं.

गजावरची खाच बघून झाल्यावर थर्मनने विचारलं, नळी मुळात कापावी का लागली. मी नेहमीची गोष्ट सांगितली: ऑर्लीनची पहिली शिकार, ओढा ओलांडताना ती बर्फात पडली, नळीत बर्फ गेला, तिने तसाच बार काढला आणि नळी फुटली. थर्मन म्हणाला, "मूळची नळी अठ्ठावीस इंच असणार. बर्फ तोंडाशी जातो. तोंडाशी फुटली असती तर तुझ्या बापाने चार इंच कापले असते. दहा इंच आत बर्फ कसा पोचला?" मी म्हटलं, ते डॅडींना विचारायला हवं होतं. त्याने मान हलवली आणि बिस्किट मागितलं.

ताई, तो बर्फ नव्हता. आदल्या संध्याकाळी बंदूक साफ करायचं काम माझं होतं. माझ्या लाल फ्लॅनेलच्या सदऱ्याचा तुकडा गजाला लावला होता. गज बाहेर आला तेव्हा टोकाला तुकडा नव्हता. मला खाली जेवायला बोलावत होते, मक्याचा ब्रेड गरम होता. मी म्हटलं, सकाळी काढू. सकाळी मी उठायच्या आत तू आणि डॅडी निघून गेला होतात.

डॅडी तुला म्हणाले, बंदूक धरता येत नसेल तर घरात बस. तू बसलीस. पुढच्या वर्षी त्यांनी मला नेलं, तीच बंदूक देऊन, तुझ्याच जागी, त्या मोठ्या बीच वृक्षाखालच्या दगडावर. पुढच्या खोलीत इतकी वर्षं जी शिंगं टांगलेली होती ती त्या दिवसाची. तू अ‍ॅक्रनला गेलीस. दर थँक्सगिव्हिंगला कोणीतरी म्हणायचं, ऑर्लीन, बर्फ झटकलास का? आणि तू हसायचीस, आणि मीही हसायचो. वर्षानुवर्षं हसलो. मग तू यायचं थांबवलंस आणि म्हणालीस, गाडीचा प्रवास झेपत नाही. डॅडींनी ती नळी आतून मापली, खूण केली, इंचाचा आठवा भाग राखून ठेवला. तुला मात्र त्यांनी बाहेरूनच मापलं, कारण आत काय होतं ते ज्याला माहीत होतं तो दाराआड गप्प उभा होता.

मला वाईट वाटतं. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. डॅडी गेले त्या वर्षीही बोललो नाही. नळी फुटली तेव्हापासून तुझ्या डाव्या कानात वाजणारी शिट्टी माझी आहे.

म्हणून ही खरी विनंती. रेलिनला एकटीला पाठवू नकोस. तू ये. त्या सोमवारी दगडावर तुम्ही दोघी बसा, मी शिंगं उतरवून ठेवलीत. आदल्या दिवशी बंदूक मी तुझ्यासमोर साफ करेन, आणि गज बाहेर आल्यावर टोक तू बघ. मी बघणार नाही.

ता. क. ४. ड्रेमाने वरचं वाचलं. तिने उठून माझ्या ताटात आणखी एक बिस्किट ठेवलं. मग म्हणाली, "बरण्यांचं नीट लिही."

तर बरण्या पोस्टाने पाठवू नकोस. फुटतात. स्वतः घेऊन ये.